पुस्तकांचं वाण

कोराडीच्या आमच्या कॉलनीत पुस्तक सुचवायचं म्हटलं की बायका माझ्याकडे येतात. मीही तोऱ्यात सांगते. ग्रहणाच्या भीतीबद्दल वाचायचंय? मग हे घ्या. नवस फळल्यासारखा का वाटतो ते समजून घ्यायचंय? मग ते. कुणाच्या श्रद्धेची टिंगल करणारं पुस्तक मी कधीच सुचवत नाही, याचाही मला केवढा गर्व! गर्वाला काय, कुठलंही निमित्त पुरतं.

या संक्रांतीला वाटलं, हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटणं पुरे झालं, यंदा वाण म्हणून विचार करायला लावणारं पुस्तक द्यायचं. कोणतं, ते मात्र ठरेना. म्हणून वरच्या मजल्यावरच्या वहिनींना नागपुरात बर्डीच्या बाजारात सोबत नेलं. त्यांचे यजमान आणि माझे वीज केंद्रात एकाच शिफ्टला असायचे. गेल्या वर्षी वहिनींचे यजमान वारले. तेव्हापासून वहिनी खूप वाचतात. दुकानात उभ्या उभ्या बरीच पुस्तकं चाळून त्यांनी एक पातळसं माझ्या हातात ठेवलं. विज्ञान काय सांगू शकतं, श्रद्धा काय देते आणि निव्वळ सवयीला आपण श्रद्धा कसं म्हणत बसतो, असा त्याचा विषय.

"हे घे. यात कोणी कोणाले मूर्ख म्हणत नाही," त्या म्हणाल्या. गठ्ठा आम्ही दोघींनी मिळूनच ऑटोत चढवला.

हळदीकुंकवाला अख्खी बिल्डिंग आली. वहिनींना मी बोलावलं नाही.

नवरा गेलेल्या बाईला या समारंभाला बोलवत नाहीत, हे मला कुणी बजावलं नव्हतं. सासूबाई लेकीकडे कळमेश्वरला होत्या. नवऱ्याला कोण येणार याचा पत्ताही नव्हता. आठवण राहिली नाही, असंही नाही. जिन्यापर्यंत गेले होते. मग मनात आलं, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. माझा भित्रेपणा त्यांच्या नावावर खपवून मी खाली आले आणि तिळगुळाच्या वड्या ताटात मांडायला लागले.

पुस्तकाचं फार कौतुक झालं. "किती वेगळा विचार वं तुझा!" असं एकजण म्हणत होती, तेवढ्यात दारासमोरच्या चपलांच्या ढिगातून वाट काढत वहिनी दुधाची पिशवी घेऊन वर जाताना दिसल्या. दार सताड उघडं होतं. मी पाठ फिरवली आणि उगाच कुणाला तरी पाणी हवं का विचारलं. त्या पाठ फिरवण्याची मला अजून लाज वाटते, न बोलावण्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक प्रत घेऊन वर गेले. वहिनींनी बसायला सांगितलं. माझ्या हातातलं पुस्तक बघून त्या रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, "हे वाण म्हणून देऊन राहिली का वं, का पुस्तक म्हणून?"

वाण म्हणायचं तर आधी त्यांना कुंकू लावायला हवं होतं.

"पुस्तक म्हणून," मी म्हणाले.

"मंग वाचून वापस करीन. वाण असतं तं ठेवलं असतं."

रथसप्तमीच्या आधीच त्या पुस्तक घेऊन खाली आल्या. म्हणजे हळदीकुंकवाचे दिवस अजून सरले नव्हते. घरात मी एकटीच होते. त्या दारात उभ्या राहिल्या, पुस्तक पुढं केलं, आणि जरा थांबल्या. हळदीकुंकवाचा करंडा माझ्या मागे टेबलावर होता. त्यांनाही तो दिसत होता.

मी पुस्तक घेतलं आणि विचारलं, "चहा ठेवू का, वहिनी?"