झाकलेलं ताट

अमेरिकेत फोन नंबर घेतला की त्याच्याबरोबर एक पीडा फुकट मिळते. तुमच्या कारची वॉरंटी संपत आली आहे, असं सांगणारे फोन दिवसभर येत राहतात. अनोळखी नंबर दिसला की सगळेच कट करतात, मी तर शिव्या घालून कट करते. माझी एक मैत्रीण मात्र असा एकही फोन सोडत नाही. हातातलं काम टाकून धावते, आणि ‘हॅलो’ म्हणत नाही. दबक्या आवाजात म्हणते, ‘‘आमा-ला?’’ तिच्या भाषेत आईला अशी हाक मारतात. पलीकडून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज वॉरंटीबद्दल बोलायला लागतो. ती तो शेवटपर्यंत ऐकते आणि मग फोन ठेवते.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला गंमत वाटली होती. नंतर त्यामागचं कारण कळलं, आणि आता तिचा फोन वाजला की मीच आधी स्क्रीनकडे पाहते.

आमची ओळख वेस्ट विंडसरच्या देशी दुकानात झाली. मी मसाल्यांच्या रांगेत उभी राहून एकटीच करवादत होते, कारण तिखटाची सगळी पाकिटं दिसायला लालभडक आणि चवीला माती. मागून आवाज आला, ‘‘भिवापुरी मिरची पाहून राहिल्या का? नाही भेटत ते इथं.’’ इतकं अस्सल आमच्याकडचं बोलणं ऐकून मी आनंदाने वळले, तर जाड जाकिटातली एक तिबेटी बाई उभी. माझ्या तोंडून चक्क इंग्रजीत ‘सॉरी?’ निघालं. ती म्हणाली, ‘‘मराठीतच बोला नं बाप्पा. गोंदियाकडचीच आहे मी.’’

गोंदिया जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला, तिबेटी लोकांची जुनी वसाहत आहे. मी जन्माची नागपूरकर, पण मला तिचा पत्ता नव्हता. हिवाळ्यात नागपूरच्या फुटपाथवर स्वेटर विकायला बसणाऱ्या या लोकांना आम्ही सरसकट ‘नेपाळी’ म्हणायचो. माझा शाळेचा मरून स्वेटर त्यांच्याकडचाच होता. तिचा मामा त्याच फुटपाथवर बसायचा. ‘‘सारे आमाले नेपाळीच म्हणत,’’ ती सांगते, ‘‘मामा म्हणे, म्हणू दे, स्वेटर तर घेऊन राहिले नं.’’ हे सांगताना ती हसते. आपला देश गेला आणि वर नावही दुसऱ्याचंच मिळालं, यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

ती आठ वर्षांची असताना आईने तिला तिबेटमधून डोंगर ओलांडून भारतात जाणाऱ्या काही लोकांबरोबर पाठवून दिलं. मुलीने आपल्या भाषेत शिकावं, भीती न बाळगता देवापुढे हात जोडावेत, एवढंच त्या बाईला हवं होतं. स्वतः मात्र ती तिथेच राहिली, कारण घरात म्हातारे सासूसासरे होते. मुलगी वसाहतीत मामाकडे वाढली, नर्स झाली, लग्न करून न्यू जर्सीत आली. आईची आणि तिची पुन्हा भेट झाली नाही. जी काही आई तिला मिळाली ती फोनवर.

आणि ते फोन तरी कसे! त्यात काहीच नसायचं. बर्फ पडला का, गुडघा कसा आहे, चहात लोणी घातलं का. धर्मगुरूंचं नाव काढायचं नाही, मोर्चांबद्दल बोलायचं नाही, परत कधी भेटू हे तर विचारायचंच नाही. ऐकणारे ऐकत असतात, हे दोघींना माहीत होतं. आई म्हणे कधीकधी फोन चुलीजवळ ठेवून द्यायची आणि न बोलता काम करत राहायची. ही इकडे दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लाकडं फुटल्याचे आवाज ऐकायची.

मग तिकडे तिच्या एका चुलतभावाच्या मोबाइलमध्ये धर्मगुरूंचा फोटो सापडला आणि पोलीस त्याला घेऊन गेले. काही दिवसांनी आईच्या दारात माणसं आली, परदेशात कोणाशी बोलता म्हणून विचारून गेली. पुढच्या फोनवर आई म्हणाली, ‘‘आता फोन करू नकोस. आम्ही सगळे चांगले आहोत.’’ त्यानंतर तो नंबर लागलाच नाही. गावातल्या दुसऱ्या कुणाला विचारावं तर त्यांच्याही दारात माणसं जाणार. ते फोन बंद झाले, आणि हिने अनोळखी फोन उचलायला सुरुवात केली.

दर मार्च महिन्यात ती तिबेटसाठी निघणाऱ्या न्यूयॉर्कच्या मोर्चाला जाते. टोपी, गॉगल, तोंडावर मास्क. समोरच्या फुटपाथवरून कुणीतरी फोटो काढत असतं आणि त्या फोटोंचा हिशेब तिकडच्या घरांना चुकता करावा लागतो, असं ती म्हणते. एका मोर्चात धाप लागली म्हणून तिने क्षणभर मास्क काढला होता. आईचा नंबर त्यामुळे बंद झाला की तसाही बंदच होणार होता, हे तिला कधीच कळणार नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, ‘‘मग जाऊ नको ना यार मोर्चाला! कॅन्सल कर एक वर्ष.’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘फोनही नाही अन् मोर्चाही नाही. मंग मी कोणाची?’’ 

पण तिला खरी टोचणी वेगळीच होती. न्यूयॉर्कच्या मठात ती आईच्या नावाने दिवा लावायला जायची. तिथले लामा विचारायचे, प्रार्थना दीर्घायुष्यासाठी की गेलेल्या माणसासाठी? त्यांच्यात माणूस गेला की एकोणपन्नास दिवस त्याच्यासाठी प्रार्थना करतात, पुढची वाट नीट सापडावी म्हणून. ‘‘आई मेली असंल तर ते दिवस निघून गेले. मी तिले वाट दाखवली नाही,’’ ती म्हणायची. ‘‘अन् जिवंत असंल अन् मी मेलेल्याचा दिवा लावला, तर?’’ दरवेळी ती दीर्घायुष्याचीच प्रार्थना सांगायची, आणि घरी येईपर्यंत तिचा धीर सुटलेला असायचा.

अशाच एका वर्षी माझी आई सहा महिने आमच्याकडे राहायला आली होती. आई म्हणजे नागपूरचं ऊन. बोलणं चढ्या आवाजात, माया त्याहून चढी. गोंदियाची मराठी ऐकून ती पहिल्याच दिवशी विरघळली आणि माझी मैत्रीण माझी कमी, तिचीच जास्त झाली. दोघी मिळून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या.

पितृपक्ष आला. इथे कोण पाहतंय, असं मी म्हणत असताना आईने खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी असा साग्रसंगीत स्वयंपाक केला. सर्वपित्रीच्या दिवशी माझ्या बाबांचं पान मागच्या डेकवर ठेवलं. मैत्रीण जेवायला आली होती, ती काचेच्या दारातून पाहत होती. ज्याची तिथी माहीत नाही त्याचंही पान आज वाढतात, असं आईने तिला समजावलं, आणि मग अगदी प्रेमाने म्हणाली, ‘‘पोरी, तुझ्या आईची तिथी माहीत नाही नं तुला? तिचंही वाढू का आज?’’

धरणीने पोटात घ्यावं, असं मला वाटलं. मी आईला सगळं सांगितलं होतं, पण आईने आपल्या सोयीने ऐकलं होतं. फोन येत नाही म्हणजे माणूस गेलं, इतका सरळ हिशेब.

मैत्रिणीचा चेहरा उतरला. ‘‘काकू, माही आई मेली नाही.’’

‘‘मग कुठं आहे?’’

‘‘मले ठाऊक नाही.’’

आईने हातातला डाव खाली ठेवला. चूक झाली, असं तोंडाने म्हणणाऱ्यातली ती नव्हतीच. तिने कपाटातून एक ताट काढलं. त्यात सगळं वाढलं, डावीकडची चटणी, उजवीकडची भाजी, मधे भाताची मूद, वर तूप. मग दुसरं ताट त्यावर पालथं घातलं आणि ओट्याच्या कडेला सरकवून ठेवलं. ‘‘हिचे बाबा कोर्टातून उशिरा यायचे, तेव्हा मी असंच झाकून ठेवायची,’’ ती म्हणाली. ‘‘कावळ्यासाठी जे ठेवतो ते उघडं. घरी यायचं आहे त्या माणसाचं झाकून. तुझी आई यायची आहे नं? मग हे तिचं. जाताना घेऊन जा, अन् उद्या तू खा. वाया घालवायचं नाही.’’

मैत्रीण ओट्याला टेकून रडली, मोठ्याने. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि माझ्याकडे पाहून डोळे वटारत राहिली, जणू हे सगळं माझ्यामुळेच झालं होतं.

तेव्हापासून मैत्रीण आमच्याकडे जेवली की एक ताट झाकते. आई नागपूरला परत गेली तरी हे चालूच राहिलं. ताटावर ताट गाडीत नीट राहत नाही म्हणून ती कागदी प्लेटवर फॉइल लावते. माझी मुलगी विचारते, ‘‘हू इज दॅट फॉर?’’ आम्ही दोघी सांगतो, आजीसाठी.

गेल्या वर्षी माझी आई गेली. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच मान कलली. माझ्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलं होतं. देश सोडलात तर परत कधी येता येईल सांगता येत नाही, असं वकील म्हणाला, आणि मी गेले नाही. भावाने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि मी सगळं व्हिडिओवर पाहिलं. मला रडू आलं नाही, राग आला. नेटवर्कचा, तिरक्या टेकवलेल्या फोनचा, चौकटीत मधेच येणाऱ्या कुणाच्या तरी शर्टाचा.

मैत्रीण ड्यूटी संपवून मठात गेली आणि तिथून माझ्याकडे आली, जेवण घेऊन. माझ्याजवळ बसून म्हणाली, ‘‘काकूंसाठी दिवा लावून आली. लामांनी विचारलं, आयुष्यासाठी का गेलेल्यासाठी. मले पहिल्यांदा लगेच सांगता आलं.’’ मग ती म्हणाली, ‘‘तुले दिवस ठाऊक आहे, वेळ ठाऊक आहे. रड आता.’’ तिच्या आवाजात माया होती. पण हेवाही होता, आणि तो तिने लपवला नाही. माझ्या आईच्या मरणाचा कुणाला हेवा वाटू शकतो, या विचाराने मी हादरले. तरीही डोळे कोरडेच राहिले.

दहाव्या दिवशी मी आईच्या आवडीचा गोळाभात केला. हे सगळं मी मानत नाही, पण हात करत राहिले. पान डेकवरच्या टेबलावर ठेवलं. आमचं जेवण झालं. मैत्रिणीने नेहमीसारखं तिच्या आईचं ताट झाकलं, निघायला डेकचं दार उघडलं, ताट बाहेरच्या त्याच टेबलावर टेकवलं आणि ती बूट घालायला परत आत आली.

कावळा आला. इथले कावळे आपल्याकडच्यांपेक्षा थोराड आणि निवांत असतात. त्याने आईच्या पानावरचा भात उचलला, मान वाकडी करून गिळला. आणि इतके दिवस अडकलेलं माझं रडू एकदम फुटलं. मी दाराच्या चौकटीला धरून हमसाहमशी रडत होते, म्हणून पुढचं मला आधी कळलंच नाही. कावळ्याने उडी मारली आणि तो शेजारच्या झाकलेल्या ताटापाशी गेला. फॉइलवर चोच मारली.

‘‘हट्! हट् तिकडं!’’

एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी, अशी ती माझ्या बाजूने धडकत बाहेर गेली. ही बाई कधी आवाज चढवत नाही. आता मात्र आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांपर्यंत पोचेल अशी ओरडत होती, ‘‘ते तुले नाही! ते नाही! ते तुले नाही!’’

कावळा उडाला आणि मागच्या मेपलवर जाऊन बसला. ती ताट छातीशी धरून त्याच्याकडे रोखून पाहत उभी राहिली. फॉइलला चोचीएवढं भोक पडलं होतं. मी जवळ जाऊन ताट घ्यायला हात पुढे केला, पण तिने ते दिलं नाही. त्या भोकावर तिने तळवा घट्ट दाबून धरला होता.