काउंटरवरचा महाग फोन

हडपसरला माझ्या मोबाईलच्या दुकानासमोर एका गृहस्थांचंही मोबाईलचंच दुकान आहे. एका मोठ्या कंपनीचा सगळ्यात महाग फोन ते काउंटरवर उघडाच ठेवतात. तो विकत कुणी घेत नाही, पण आलेल्या प्रत्येकाच्या हातात ते आधी तोच देतात.

"घ्या हो, बघायला काय जातंय?"

गिऱ्हाईक त्यावर चार फोटो काढतं, किंमत ऐकून कसनुसं हसतं. मग ते त्याच कंपनीचा स्वस्तातला फोन हळूच पुढे सरकवतात. "हा त्याचा धाकटा भाऊ. सोबत हे सिम घेतलंत तर वर्षभराचं रिचार्ज यातच." गिऱ्हाईक पिशवी घेऊनच पायरी उतरतं.

सिमवाल्यांची ती योजना माझ्याकडेही आहे. तरी दिवसभर मी त्यांचीच गर्दी बघत जळत बसतो.

शेवटी मीही तसाच महाग फोन आणला. काचेच्या पेटीत ठेवला, कुलूप घातलं आणि वर पाटी लावली: 'हात लावू नये.'

संध्याकाळी ते बघायला आले. हात पाठीमागे बांधून त्यांनी पाटी सावकाश वाचली.

"अक्षर सुरेख आहे हो तुमचं," एवढंच म्हणाले आणि आपल्या गर्दीत परत गेले.

पाटी अजून तिथेच आहे. ते समोर बसलेले असताना ती काढायची कशी?