दुसरी बॅटरी

आर्या आणि निखिल,

जीपमध्ये कोणता फ्रीज कमी वीज खाईल, असं तुम्ही ऑस्ट्रेलियातून दोन फोटो पाठवून विचारलंत. पुढच्या आठवड्यात तुम्ही निर्मनुष्य मुलखात निघणार आणि आर्याचं इन्सुलिन त्या फ्रीजमध्ये असणार. म्हणून उत्तर फोनवर न देता लिहून पाठवते आहे. निघण्यापूर्वी दोघांनी वाचा.

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मी कॅप्टन असताना आमचं फील्ड हॉस्पिटल वाळवंटात युद्धसरावाच्या एक्सरसाइजवर होतं. माझ्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर नाईक रशीद, आपल्या रोहिणखेडचा. सकाळी आधी गाडीची तपासणी, मग औषधांची, मग चहा. चहा रशीद करायचा. तुमच्या सुलतानपुरात असा चहा मिळत नसणार, असं म्हणून मला डिवचायचा. बॅटरीचे टर्मिनल आवळायचा दहाचा पाना कायम त्याच्या खिशात असे.

रक्ताच्या पिशव्यांसाठी तेव्हा दोन फ्रीज ट्रायलला आले. एकात कॉम्प्रेसर होता. आत गार झालं की तो थांबायचा, तापलं की सुरू व्हायचा. दुसरा बिनकॉम्प्रेसरचा, हलका आणि स्वस्त, पण तो थांबतच नसे. तंबूत कूलरसमोर चाचणी झाली. पहिल्यानं बरीच कमी वीज घेतली, म्हणून तो आमच्या गाडीत बसला. त्याला कट-ऑफ होता. बॅटरी उतरू लागली की फ्रीज आपोआप बंद व्हायचा, इंजिन उठण्यापुरता चार्ज उरावा म्हणून. मग वरून ऑर्डर आली, रक्ताचा फ्रीज कोणत्याही परिस्थितीत बंद पडता कामा नये. कट-ऑफ काढला गेला.

रशीद म्हणाला, "मॅडम, हा डबा बॅटरी पिऊन राह्यला. इंजनले काय उरन?"

त्यानं फ्रीजसाठी वेगळी बॅटरी मागितली. मी मागणी वर पाठवली. एक्सरसाइजनंतर पाहू, असं उत्तर आलं.

एका दुपारी आमची ॲम्ब्युलन्स कॉन्व्हॉयपासून, म्हणजे बाकी गाड्यांच्या ताफ्यापासून, दूर हॉल्टवर थांबली होती. हॉल्टवर इंजिन बंद, हा हुकूम. तंबूत कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून शांत व्हायचा. तापलेल्या गाडीत त्याची घरघर थांबेना. रशीद बॉनेटला टेकून तेच ऐकत उभा होता. मी वायरलेसवर इंजिन चालू करायची परवानगी मागितली.

"निगेटिव्ह. मेन्टेन सायलेन्स. आउट."

त्यानंतर दोन जवान तिसऱ्याला उचलून घेऊन आले. त्यांची गाडी टेकडीवरून उलटली होती आणि त्याची मांडी चिरडली होती. मी रक्त लावलं. पिशवी हवी तेवढीच गार होती. त्याला तातडीनं सर्जनकडे न्यायला हवं होतं. रशीदनं चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. वायरलेस त्याच बॅटरीवर होता, त्याचाही दिवा विझला. धक्का मारून पाहिला. वाळूत गाडी हलली नाही.

एक जवान चालत मदत आणायला तयार झाला. रशीदनं त्याला अडवलं. "तू नवा हायेस बे, भटकशीन. इथीसा थांब, मॅडमले हात दे. रस्ता मले माहीत हाय."

तो टेकडीपलीकडे दिसेनासा झाल्यावर माझं लक्ष गेलं. त्याची पाण्याची बाटली सीटवरच होती. आमच्यासाठी ठेवली की विसरला, ते मला आजही माहीत नाही.

गाडी आली. ती दुसरा ड्रायव्हर चालवत होता. रशीद कॉन्व्हॉयपर्यंत पोचला, आमचं लोकेशन बिनचूक सांगितलं आणि खाली बसला, असं त्या ड्रायव्हरनं सांगितलं. उष्माघात. संध्याकाळपर्यंत रशीद गेला. जवान वाचला.

रशीदचा धाकटा भाऊ युनूस मलकापूरला बॅटऱ्या विकतो. तुमचा प्रश्न मी त्याला सांगितला, तर गेल्या रविवारी तो दोन्ही प्रकारचे फ्रीज घेऊन सुलतानपूरला आला. येताच म्हणाला, "ताई, नौकरी सुटली, पण तुमचं इन्स्पेक्शन काही सुटलं नाही." आम्ही दोन्ही फ्रीज गरम बाटल्यांनी भरले आणि उन्हातल्या जीपमध्ये सारख्याच दोन बॅटऱ्यांवर दिवसभर चालवले. कॉम्प्रेसरवाल्यानं कमी वीज घेतली. तरी त्याच्या बॅटरीवर जीप कशीबशी उठली. दुसऱ्या फ्रीजच्या बॅटरीवर युनूसनं चावी फिरवली, तेव्हा टक् झालं.

तो हात चावीवर ठेवून तसाच बसला. मग म्हणाला, "भाऊनं हेच आयकलं असन?"

मी हो म्हणाले.

तर कॉम्प्रेसरचा फ्रीज घ्या. त्याला वेगळी बॅटरी लावा. कट-ऑफला हात लावू नका, आर्याच्या काळजीपोटीसुद्धा नाही. फ्रीज बंद पडला तर पडू द्या. इन्सुलिन पिशवीत घालून ओल्या कापडात, सावलीत ठेवलं तर वेळ काढता येतो. तेवढ्या वेळात गाडी तुम्हाला परत आणेल. पण ती उठली पाहिजे.

तो जवान अजून आहे. दर हिवाळ्यात रोहिणखेडला येतो, रशीदच्या कबरीपाशी बसतो आणि युनूसकडे जेवून जातो. रविवारी युनूसनं टर्मिनल आवळले ते रशीदच्याच दहाच्या पान्यानं. पाना अजून चांगला आहे.