नूडल्सवालीचा लाल वाडगा

मी चौथीपर्यंत शिकले, तीही मराठीत. इंग्रजी पाटी मला भिंतीवरच्या डागासारखी. परदेशात, एनिस नावाच्या गावी मुलाकडे राहायला गेले तेव्हा याची खरी अडचण झाली. तिथल्या जुन्या गल्ल्या अरुंद, दुकानं एकमेकांना चिकटलेली, आणि प्रत्येकावर हाताने रंगवलेली नीटस अक्षरं. सून म्हणायची, किती छान दिसतं ना! मला सगळी दुकानं सारखीच दिसायची.

पहिल्याच हिवाळ्यात दूध आणायला गेले आणि हरवले. तिथे साडेचारलाच अंधार पडतो. एका खाटकाने माझ्या पिशवीतला नंबर बघून मुलाला फोन लावला. मुलगा शेजारच्या शॅनन गावातल्या कामावरून धावत आला.

"आई, यापुढे एकटीने बाहेर पडायचं नाही."

झालं. इचलकरंजीत उभी हयात मागावर काढलेली बाई, मी खिडकीत बसून पाऊस बघायला लागले.

पुढच्या वर्षी, २०१६ साली, आमच्या घराखालच्या गाळ्यात एका जपानी बाईने नूडल्सचं दुकान काढलं आणि दारावर निऑनची पाटी लावली. लाल नळीचा वाडगा, त्यात दोन निळ्या काड्या, वर पिवळी वाफ. वाफेच्या रेघा एकामागून एक पेटायच्या आणि विझायच्या. गल्लीच्या तोंडाशी आलं की वाडगा दिसायचा. तो दिसला की वरचं दार आपलं. वाचायचं काही कामच नव्हतं.

मी बूट घातले आणि भाजी आणायला गेले. कुणाला विचारलं नाही. त्यानंतर रोज जायला लागले.

जपानी बाईला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. एकदा तिने फोनवर तिच्या गावचा रस्ता दाखवला. उभ्या पाट्या, आडव्या पाट्या, खेकडा, मासा, बाटली, सगळं दिव्यांचं. आमच्याकडे गणपतीत रोषणाई असते तशी, पण बारा महिने. "छान," मी म्हटलं. तिला कळलं.

मग एका संध्याकाळी जेवताना सुनेने सांगितलं की गल्लीतल्या लोकांनी पाटीविरुद्ध नगरपालिकेकडे तक्रार केली आहे. जुन्या गावाची शोभा जाते म्हणून. आणि आमच्या घराचंही नाव त्यात आहे.

"कुणी घातलं?"

मुलगा ताटात बघत म्हणाला, "मी. लिहिलंय की उजेडामुळे माझ्या म्हाताऱ्या आईला झोप लागत नाही."

"मला झोप लागत नाही, हे मला कधी विचारलंस?"

"अगं, सगळेच सह्या करत होते. काहीतरी कारण द्यायला लागतं. इथं शेजाऱ्यांशी जमवून राहायचंय आपल्याला."

"मग स्वतःची झोप घालायची. माझी कशाला घातलीस? उद्या जाऊन नाव काढ. नाहीतर मी जाते आणि तिथं मराठीत बोलते. काय समजायचं ते समजतील."

त्याने नाव काढलं. पण बाकीच्यांची होतीच. जानेवारीत नगरपालिकेचा माणूस आला आणि वाडगा उतरवला. जपानी बाई फुटपाथवर हाताची घडी घालून उभी होती. रडली नाही. मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी मी बॅगेतून दिवाळीचा आकाशकंदील काढला. लाल, झिरमिळ्यांचा. खिडकीत आतून टांगला आणि दिवा लावला.

मुलगा म्हणाला, "आई, दिवाळी होऊन दोन महिने झाले!"

"मला घर सापडायला तिथी लागत नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला इंग्रजी कळत नाही."

चार दिवसांनी समोरची म्हातारी वर आली. तक्रारीत तीच पुढे होती. दारात उभं राहून ती मुलाशी बोलली. मी स्वयंपाकघरातून सुनेला विचारलं, काय म्हणते? सून म्हणाली, "इथे नाताळची सजावट सहा जानेवारीनंतर ठेवत नाहीत. अपशकुन असतो. कंदील काढा म्हणते."

"तिला सांग, नाताळ तुमचा, अपशकुनही तुमचा. कंदील माझा आहे."

सून उठायच्या आत मुलगाच बोलायला लागला. सावकाश, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. म्हातारीने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जिना उतरून गेली.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, माझी आई त्या दिव्यावर घरी येते. तो राहणार."

एवढं सांगायला त्याला वर्ष लागलं होतं. बाहेर अंधार पडत होता. मी पिशवी घेतली आणि कोथिंबीर आणायला निघाले.