कानंदीत सोडलेलं मीठ

साळूबाईच्या हातचं कालवण खायचं तर शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवावा लागे, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक. मीठ टाकताना तिची मूठ कधी आखडली नाही. कुणी बोललंच, तर कमरेवर हात ठेवून म्हणायची, "माझ्या सासऱ्यानं मढे घाट चढून कोकणातलं मीठ डोक्यावर आणलंया. आमच्या घरात मिठाला न्हाई म्हनायचं न्हाई." बाई तोंडाची फटकळ, पण दारातनं कुणाला उपाशी जाऊ द्यायची नाही. अशा बाईनं मीठ सोडलं, तेव्हा वाडीनं ओळखलं, हिनं जगण्यावरच पाणी सोडलंय.

नवरा लवकर गेला. मागं दोन लेकरं. थोरली सुलक्षणा कामथडीला दिली. धाकटा हनुमंत पानशेतला हॉटेलात कांदे चिरता चिरता आचारी झाला आणि एक दिवस म्हणाला, "आये, बोटीवर चाललो. तितल्या सैपाकघरात काम हाय." साळूबाईनं आधी शिव्या घातल्या, मग रडली, मग लाडू बांधून दिले. दुसरं करणार काय?

पोरगं मात्र गुणाचं. वाडीत रेंज नाही, म्हणून साळूबाई खिंडीत जाऊन बसायची आणि हनुमंत तिला जगातल्या समुद्रांची चव सांगायचा. आचाऱ्याचीच जीभ ती! "हितं उत्तरंला एक समुद्र हाय आये, त्यात नद्याच नद्या येतात आन् ऊन कमी. मीठ टाकायचं इसरल्यावानी पाणी. आन् तांबडा समुद्र? तुझ्या कालवणाचा बाप!"

"पर खारट का आसतंय रं?"

"पाऊस डोंगरावर पडतो, दगूड झिजतो, त्यातलं चिमूट चिमूट मीठ नदी घिऊन जाती. वर ऊन तापतं, ते निस्तं पाणी उचलतं, मीठ मागं ठिवतं. लाखो वर्सं ह्येच चाललंय."

"म्हंजी चुलीवर इसरलेलं कालवण."

"आगदी बराबर! तांबड्या समुद्राला तर धड एक नदी न्हाई. वरनं ऊन आग वकतंय. मंग काय, आटतंय."

"मंग आपल्या वाडीखालची कानंदी नदी गोडी कशी?"

"ती न्हेती, पर ठिवून घेत न्हाई."

हे साळूबाईला फार पटलं. तेव्हापासून तिनं एक नवीच रीत काढली. दर अमावास्येला खिंडीत मोबाईल समोर धरायचा, त्यातल्या हनुमंतावरनं मीठ-मोहऱ्यांची मूठ उतरायची, तोंडानं पुटपुटायची, आल्यागेल्याची, भल्याबुऱ्याची, खलाशाची, पाखराची. तो तिकडं खदाखदा हसायचा. वाडीत उतरलेली दृष्ट चुलीत टाकतात. साळूबाई मात्र खाली उतरून ती कानंदीत सोडायची. म्हणायची, "माझं लेकरू पाण्यावर हाय. त्याची दिष्ट इस्तवात कशाला? पाण्यातच जाऊ दे."

आणि वैशाखात कंपनीचा फोन आला. तांबड्या समुद्रात, डेकवर खरकटं टाकायला गेलेला हनुमंत घसरून पडला. दोन बोटी शोधत फिरल्या. सापडला नाही.

पिठाचा पुतळा करून अग्नी दिला. दहावं झालं, तेरावं झालं. तेराव्याच्या जेवणात साळूबाईनं पानातली भाजी बाजूला सारली आणि कोरडी भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली. त्या दिवसापासून मिठाचा कण तोंडात नाही. आधी लोकांना वाटलं, दुःख आहे, निवळेल. पण आषाढ गेला, श्रावण गेला, बाई वाळत गेली. उठताना भिंत धरायची. एकदा पाणवठ्यावर चक्कर येऊन पडली, तेव्हा कामथडीहून धावत आलेल्या सुलक्षणानं तिला उचलून वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगातलं मीठ पार उतरलंय. असंच राहिलं तर एक दिवस शुद्धीवर येणार नाहीत."

घरी आणल्यावर सुलक्षणानं मीठ घातलेली पेज पुढं केली. साळूबाईनं तोंड फिरवलं. तेव्हा लेकीचा धीर सुटला. "आये, म्या काय तुझी कुणीच न्हाई का गं? त्यो गेला म्हनून तू बी जाणार? का सोडलंस मीठ, सांग एकदा!"

साळूबाईनं पेजेची वाटी बाजूला सारली. मग बोलली, तेव्हा आवाज विहिरीतनं आल्यासारखा.

"म्या मारलं त्येला."

"काय बोलतीस?"

"त्याच्यावरनं उतरलेली दिष्ट लोक जाळत्यात. म्या ती नदीत सोडली. नदी कुठं जाती? दर्याला. आन् दर्यावर कोन व्हतं? दर आवसंला, ज्येज्ये वंगाळ त्याच्यावरनं काढलं, ते म्याच त्याच्या पायाखाली धाडलं. शेवटी त्येनंच त्येला खाल्लं."

एवढं मोठं पाप आई चार महिने एकटी उरावर घेऊन बसली होती. सुलक्षणानं डोळे पुसले, मोबाईलात आधीच उतरवून ठेवलेला नकाशा काढला आणि आईचं बोट धरून कानंदीवर ठेवलं. कानंदी गुंजवणीत, गुंजवणी नीरेत, नीरा भीमेत, भीमा कृष्णेत. बोट उगवतीकडं सरकत सरकत पार पलीकडच्या समुद्राला जाऊन टेकलं.

"बघ. आपल्या नद्या उगवतीला जात्यात. कृष्णा तिकडं जाती, गंगाबी तिकडंच. लई नद्या मिळत्यात, म्हनून त्यो समुद्र कमी खारट. हनुमंता व्हता ह्या आंगाला, मावळतीला, आरबस्तानापाशी. मधी समदा देस पडलाय. तुझं मीठ त्याच्यापातूर गेलंच न्हाई, आये. तू न्हाई मारलंस."

साळूबाई नकाशाकडं बघत राहिली. सुलक्षणाला वाटलं, सुटली बिचारी. पण म्हातारीचा चेहरा आणखीच पडला.

"म्हंजी माझ्या हातचं काईच त्याच्यापातूर पोचलं न्हाई?"

पेज तशीच थंड झाली.

सकाळी साळूबाई स्वतःच उठली. कानंदीवर जाऊन तांब्या भरला, पदराखाली धरला आणि म्हणाली, "मला घाटाच्या तोंडाला न्हे." सुलक्षणानं फडक्यात भाकरी-ठेचा बांधला आणि निघाली. शेजारच्या रखमाजींनी जीपमधनं केळदपर्यंत सोडलं. पुढं दोघी चालत, दहा पावलं टाकायची, टेकायचं. भादव्याचं धुकं दरीतनं वर येत होतं. मढे घाटाच्या कड्यावरनं ओढा खाली कोकणात उडी घेतो, तिथं साळूबाई ओल्या कातळावर बसली.

"ह्ये पाणी मावळतीला जातंय नव्हं?"

"व्हय आये. महाडाकडं, तितनं दर्याला."

साळूबाईनं तांब्या दोन्ही हातांनी उचलला. सुलक्षणाला वाटलं, आता मीठ काढते की काय. पण मीठ नव्हतं.

"मानूस जाताना त्येच्या तोंडात घरच्यांनी पाणी घालावं," ती म्हणाली. "माझ्या लेकराच्या तोंडात पाणी गेलं, पर ते कसलं! तितं एक नदी न्हाई म्हनाला व्हता." तिनं तांब्या हळूहळू ओढ्यात रिता केला. "पी बाबा. आपल्या कानंदीचं हाय. गोडं हाय."

पाणी पाण्यात मिसळून कड्यावरनं दिसेनासं झालं. ती बघत बसली. मग वळून लेकीपुढं हात केला. सुलक्षणानं घाईघाईनं फडकं सोडलं, भाकरीवर ठेचा ठेवला. साळूबाईनं तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला, तोंडात घातला. कितीतरी दिवसांनी जिभेला मीठ लागलं. तोंड आक्रसलं, डोळे घट्ट मिटले, घास तसाच गालात राहिला.

"लई खारट लागलं आसंल गं त्येला," ती म्हणाली.

मग तिनं तो घास गिळला आणि दुसरा मोडला.