कुत्र्याशी मराठीत

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात मदन महालच्या किल्ल्यावर मी पोट कमी करायला जातो. पोटाला ते अजून पटलेलं नाही. तिथे एक काका रोज भेटायचे, सोबत म्हातारा गावठी कुत्रा. घंटाघर, राणीताल, किल्ला, सगळं शहर ते त्याला पायी दाखवत आणि प्रत्येक ठिकाणची माहिती मराठीत सांगत. "हे पाह्य, इथून राणी फौज पाहायची. अन् तू काहून झोपून राहिला?"

"तुमची काकू गेल्यापासून घरात सगळी हिंदीच," एकदा ते मला म्हणाले. "आपलं मराठी समजणारा हाच एक उरला."

दिवाळीनंतर कुत्र्याला चढवेना, तेव्हा ते त्याला कडेवर घेऊन पायऱ्या चढायचे.

गेल्या आठवड्यात काका एकटेच आले. तटाशी उभे राहिले, बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "परवा गेला," एवढंच म्हणाले.

त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "काका, मैं हूँ ना. मुझसे बात कर लिया कीजिए."

घरी मुलांशी हिंदीत बोलून बोलून जिभेला तेच वळण पडलेलं.

काका हात जोडून म्हणाले, "हाँ जी, जरूर," आणि पायऱ्या उतरू लागले.