भाऊंचे खांब

आमचे सासरे, भाऊ, रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी खांबांवर बोटाचं पेर मारायचे. घाटकोपरच्या स्टेशन रोडवर त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. जुनी इमारत. पुढे सागवानी खांब, त्यांच्यावर लाकडी कठड्याची गॅलरी, वर कौलं. दुकानाच्या डोक्यावर आम्ही राहायचो. खालून बस गेली की मांडणीतल्या वाट्या थरथरायच्या.

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी म्हटलं, "भाऊ, हे पडणार एक दिवस."

भाऊ हसले. "अगं, तडा गेलेला हंडा कसा ओळखतात? चांगला असला तर बोलतो, तडा असला तर बद्द वाजतो. लाकडाचंही तसंच. बद्द वाजलं की मीच सांगेन तुला, चल म्हणून."

कॉलेजची मुलं यायची, कठड्याच्या वेलबुट्टीचे फोटो काढायची. मला चीड यायची. त्यांना वेलबुट्टी दिसायची, मला त्या कठड्याला रेलून उभी असलेली माझी दोन पोरं. खालून भाऊंची टकटक ऐकू येऊन संपली, की मग मी चहा ठेवायची. तोवर हातपाय गारच.

एका सकाळी टकटक मध्येच थांबली. परत त्याच खांबावर आली. परत तिथेच. मग भाऊ अनवाणी वर आले, तोंड पांढरंफटक.

"पोरांना घे. चल."

"दूध ठेवलंय, भाऊ."

"गॅस बंद कर आणि चल म्हणतो ना."

आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. लोक हसत होते. दुपारच्या आत गॅलरी एका अंगाला कलली आणि धाडकन खाली आली. पोरं माझ्या कमरेला चिकटली होती. भाऊंनी माझा हात धरला होता.

"मला रोज भीती वाटायची गं," ते म्हणाले. "तुझ्याहून जास्त."

आता आम्ही मुलुंडला टॉवरमध्ये राहतो. भाऊ इथे वर्षभरच होते. सवयीने भिंतीवर पेर मारायचे आणि मान हलवायचे. "ही काही सांगत नाही गं." ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, निदान पक्क्या घरातून गेले.

परवा स्वयंपाकघरातल्या कॉलमला केसाएवढी भेग दिसली. सोसायटीवाले म्हणतात, प्लॅस्टर आहे नुसतं, वहिनी. असेलही. पोरं उठायच्या आत मी तिथे पेर मारते. बद्द. शेजारच्या चांगल्या भिंतीवर मारते, तिथेही बद्द. मग चहा ठेवते, पण हातपाय गारच राहतात. चल म्हणणारं आता घरात कोणी नाही.